घरचं एक लाकूड

जाम, ता. समुद्रपूर
३ जुलै २०२५

चि. गुंजन हिस,

मामाचे आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, तिकडे तुम्हा मायलेकींचंही ठीक असेल असं धरून चालतो. सोयाबीन पेरून झालंय. पाऊस दोन दिवस येतो आणि चार दिवस तोंड लपवतो. हायवेवरचे धाबे चालू आहेत, लाकडं चिरायची आरामशीन चालू आहे, माझा खोकला चालू आहे. खोकल्याचं विशेष काही नाही, चाळीस वर्षं लाकडाचा भुसा खाल्ला की माणूस खोकणारच.

पत्र बघून तुला नवल वाटेल. आधी फोनच लावला होता, दोनदा. तू "हॅलो, कोण बोलतंय?" म्हणालीस आणि मी ठेवून दिला. आवाज थेट तुझ्या आईचा. त्या आवाजाशी बोलायची माझी सवय मोडून सत्तावीस वर्षं झाली. पत्राचं एक बरं असतं, समोरचा मध्येच बोलत नाही.

कारण असं की पेपरात तुझं निवेदन वाचलं. मुलांच्या सुतारवर्गासाठी लाकूड व साहित्य हवे आहे, बत्तीस मुले, तान्ह्या पोळ्याला प्रत्येकाने स्वतः केलेला नंदी ओढावा अशी इच्छा, वगैरे. इच्छा चांगली आहे. पण "लाकूड हवे आहे" म्हणजे काय गं? लाकूड म्हणजे काय कांदे आहेत? कोणतं, किती, किती वाळलेलं, काही लिहायला नको? सुताराच्या पोरीने असं निवेदन द्यावं याचं हसू आलं. एम.ए. करून रंधा मारतेस असं ऐकलं होतं, त्यातलं एम.ए. तेवढं दिसलं.

असो. लाकूड मी देतो. तू माझ्याकडे मागितलं नाहीस, हे माझ्या ध्यानात आहे. साऱ्या जिल्ह्याकडे मागितलंस आणि जामच्या मामाला तेवढं वगळलंस. तुझ्या आईचं वळण, दुसरं काय.

शिवणीच्या फळ्या देतोय. शिवण हलकी असते, पोरांच्या हाताचं ऐकते, नंदीचं धड आणि मान तिच्यातच करायला सांग. कामाचे बाक करायला सागाचे बत्ते आहेत. सागाची टी.पी., म्हणजे वाहतुकीचा परवाना, सोबत जोडली आहे. वनखात्याच्या माणसाने विचारलं तर ती दाखवायची, उगाच तोंड चालवायचं नाही. तुमच्या लोकांना अडवायला त्यांना आधीच आवडतं. त्याशिवाय सहा लहान रंधे, करवती, पटाश्या, गिरमिट, काचकागद, खिळे, सरस. पटाश्यांना मी स्वतः धार लावली आहे. बोथट पटाशीनेच पोरांचे हात जास्त कापतात, हे तुझ्या एम.ए.त नसेल. आणि चाकं खडखडीत वाळलेल्या लाकडाची कर. ओल्या लाकडाचं चाक आठवड्यात चिरतं.

ओल्यावरून आठवलं. गाडी भरताना तळाला दोन-चार ओले नग सरकवायची आमच्या धंद्याची रीत आहे. सगळे करतात, मीही करत आलोय. तुझ्या मालात तसं काही नाही. आज सकाळपासून मी स्वतः उभा राहून टेम्पो भरून घेतोय.

नंदीचं म्हणशील तर आमच्या ऋतिकचा नंदी तो लहान असताना दर वर्षी पहिला यायचा. काळ्या शिसवीचा, शिंगांना पितळी टोपणं, मान अशी वळवलेली की आता हाक मारली तर बघेल. अजून माळ्यावर आहे. ऋतिक पुण्याला, त्याला त्याचं काही नाही. तसं काम आता कोणाला जमत नाही.

माझ्या दोन अटी आहेत. पहिली, वर्गावर एक पाटी लावायची. फार मोठी नको, पण नाव नीट वाचता आलं पाहिजे. दुसरी, पहिलं लाकूड तुझ्या आईने स्वतःच्या हाताने उतरवून घ्यायचं. बाकीचं माझा ड्रायव्हर प्रफुल उतरवेल. तिने बोलायची गरज नाही. तिने माझ्या आरामशीनवरच्या कामगाराचा हात धरला, तोही गोंड, आणि मला गावात मान खाली घालायला लावली, तेव्हाही ती काही बोलली नव्हती. तुला लागावं म्हणून हे लिहीत नाही. झालं ते लिहितो. तिने माझं लाकूड हातात घ्यावं, एवढंच मला पाहिजे.

पत्र प्रफुलच्याच हाती देतोय, टेम्पोबरोबर. शाळा नेमकी कुठे ते कळलं नाही, म्हणून माल घरी उतरवायला सांगितलाय. तू नसलीस तरी आई असेलच. जुनं काही उकरायचं नाही.

तुझा मामा,
किसनराव

*

जाम
९ जुलै २०२५

गुंजन,

चि. आणि आशीर्वाद आज लिहीत नाही. टेम्पो भरलेलाच परत आला. माझा माल आजवर कोणी परत पाठवला नव्हता. रेल्वेने नाही, ठेकेदारांनी नाही. तुझ्या आईने पाठवला.

प्रफुलने सगळं सांगितलं. त्याने चार फळ्या तुमच्या दारापुढे भिंतीला टेकवल्या, तेवढ्यात समोरची रुख्माबाई नावाची म्हातारी डोक्यावर पदर घेत बाहेर आली आणि म्हणाली, "कोन गेलं वो माय?" मग गल्लीतली बाकीची आली. कोणी बांबू आणायला माणूस धाडू का म्हणून विचारलं. तुझी आई सुपात तांदूळ घेऊन दारात आली. दारातलं लाकूड तिने बघितलं. तू शाळेत. तिला वाटलं, तूच गेलीस. सूप तिथेच पडलं आणि ती अनवाणी नदीच्या वाटेने तुझ्या शाळेकडे पळत सुटली. प्रफुल पन्नास पावलं तिच्यामागे धावला, "मावशी, पोरगी ठीक आहे! हे तं शाळेचं लाकूड आहे! किसनरावनं धाडलं!" असं ओरडत.

मग म्हणे ती थांबली. परत आली, सांडलेले तांदूळ गोळा केले, सगळे, आणि मग प्रफुलला म्हणाली, "त्याले सांग, चवदा वरसं उशीर झाला. ज्याच्यासाठी पाह्यजे होतं तो जळून गेला. वापस ने."

ऐकून मला राग आला, हसूही आलं. वयाची साठी उलटली, बाईची नाटकं गेली नाहीत. लाकूड बघून पळत काय सुटायचं? लाकूडच आहे, वाघ नाही. आणि मी काय तुला मारायला लाकूड पाठवलं होतं? बत्तीस पोरांचं लाकूड होतं. आता ऐक. शनिवारपर्यंत तुझं उत्तर आलं नाही तर सगळा माल इथल्या धाब्यांना देऊन टाकतो. शिवण तंदुरीत छान जळते. मग त्या पोरांना सांग, तुमचे नंदी बाईंच्या आईच्या तोऱ्यात जळाले. रडतील थोडी. पोरं विसरतात.

इथे पेन ठेवून चहा घेतला. वरचं खोडणार होतो. मग म्हटलं राहू दे, मामा कसा आहे ते तुला कळलेलं बरं.

शाळेचा पत्ता कळला नाही असं मी लिहिलं ते खोटं होतं. पत्ता तुझ्या निवेदनाखाली छापलेला होता. मला माल तुझ्या आईच्याच दारात उतरवायचा होता. तिने बघावं, आणि कशी दिसते ते प्रफुलने मला येऊन सांगावं. केस पांढरे झाले का, एवढं तरी. पण आपल्याकडे न सांगता कोणाच्या दारात लाकूड उतरवलं की त्याचा एकच अर्थ होतो, हे माझ्या ध्यानातून गेलं. माझ्या! चाळीस वर्षं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत आलो, माल मागच्या बाजूला उतरवू की वाडीत? दारात कधी नाही. माझ्या बापाने पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट. आणि सख्ख्या बहिणीच्या दारात मी चार फळ्या उभ्या करवल्या. प्रफुल म्हणाला, केस पांढरे झालेत.

चौदा वर्षांचं काय ते तुला आईने सांगितलं असेल. माझ्या बाजूचं मी सांगतो, म्हणजे दोन्ही होईल.

आपल्या गावाची रीत तुला माहीत आहे. कोणी गेलं की प्रत्येक घरातून एक लाकूड जातं, घरचा माणूस खांद्यावर घेऊन जातो. भांडण असो, कोर्टकचेरी असो, लाकूड जातं. तुझा बाप गेला तेव्हा तुम्ही अजून जाममध्येच राहत होतात, आणि श्रावणात आठ दिवस झड लागली होती. कोणाच्या तरी घराचे वासे बसवताना घसरून पडला. गावाने रीतीप्रमाणे लाकडं दिली, पण सगळी भिजलेली. कोरडं लाकूड फक्त माझ्या शेडमध्ये होतं. कोणीतरी फाटकापाशी मागायला आलं होतं. मी दिलं नाही. एवढंच झालं.

एवढंच झालं नाही. कोणीतरी म्हणजे एक पोरगी होती. डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, पायात काही नाही. म्हणाली, "मामा, आईनं कोरडं लाकूड मांगतलं." माझ्यासमोर दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी खुर्चीतून उठलो नाही. त्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तुमच्यात तं पुरतेत ना? मंग लाकूड कायले पाह्यजे?" दोघंही हसले. त्यांनी हसावं म्हणूनच मी म्हणालो होतो. ती पोरगी काही बोलली नाही. थोडा वेळ गजाला धरून उभी राहिली, मग गेली. ती कोण हे मला कळलं नव्हतं असं मी नंतर तुझ्या मामीला सांगितलं. तेही खोटं. तू अकरा वर्षांची होतीस आणि कपाळ आमच्या आईचं होतं. आपल्यात मामाने भाचीच्या पाया पडायचं असतं. तू माझ्या फाटकाशी उभी होतीस आणि मी बसून होतो.

संध्याकाळी कळलं की गावाचं ओलं लाकूड पेटेना, तेव्हा तुझ्या आईने त्याचा कामाचा बाक कुऱ्हाडीने फोडला आणि दाराची फळी काढून दिली. त्यावर तो जळाला. स्वतःच्याच लाकडावर. मी ते ऐकलं आणि जेवलो. जेवण गेलं मला, खोटं कशाला सांगू.

नंतर मात्र माझी पाळी आली. तीन वर्षांपूर्वी तुझी मामी गेली. सगळं गाव आलं. हार आणले, रडले, माझ्या पाठीवर हात ठेवले. पण खांद्यावर लाकूड घेऊन कोणी आलं नाही. शेजारचा महादेवराव म्हणाला, "तुमच्याकडं लाकडाची काय कमी, किसनराव!" अगदी प्रेमाने म्हणाला. शेडमधून बाभूळ काढली आणि तुझ्या मामीला तिच्यावर जाळलं. तिने कोणाचं काय वाईट केलं होतं? तिला माझ्यापायी एकही लाकूड मिळालं नाही.

आणि आता खोकल्याचं. नागपूरच्या डॉक्टरने छातीचा फोटो दिव्यासमोर धरून दाखवला. दिवाळी धरा म्हणाला, पुढचं धरू नका. ऋतिक येईल, सगळं करेल, शेडमधलं लाकूड काढेल, साग सुद्धा काढेल. मला लाकडाची कमी नाही. पण मला स्वतःच्या लाकडावर जायचं नाही, गुंजन. मला भीती वाटते. आपल्याकडे स्वतःच्या लाकडावर गेलेला माणूस म्हणजे ज्याच्यासाठी कोणी घरातून निघालंच नाही. गाव येणार नाही हे मला माहीत आहे. तुम्ही माझं घर आहात, दुसरं कोणी उरलेलं नाही. तुमच्या घरचं एक लाकूड पाहिजे. मनगटाएवढं असलं तरी चालेल. आईने द्यावं, तू आणावंस. एकच.

धाब्याचं लिहिलं ते सोड. माल उद्या शाळेत उतरेल, पत्त्यावर, मागच्या बाजूने. पाटी नको. दोन्ही अटी सोडल्या. उत्तर दे किंवा देऊ नकोस, लाकूड पोरांचं आहे. त्या एका लाकडाचं मात्र आईला विचार.

मागणारा,
किसनराव

*

पवनार
२५ ऑगस्ट २०२५

ती. किसनरावमामांस सा. न.

उत्तराला दीड महिना लागला. लिहायला बसले की वर्गातलं काहीतरी निघायचं हे खरं आहे, पण काय लिहावं ते कळत नव्हतं हे जास्त खरं आहे.

माल १० जुलैला शाळेत मिळाला. प्रफुलदादांनी मागच्या बाजूला उतरवून दिला. पटाश्या फार चांगल्या आहेत, दीड महिन्यात एकाही मुलाचा हात कापला नाही. निवेदनाबद्दल तुम्ही लिहिलं ते बरोबर आहे. पुढच्या वेळी कोणतं लाकूड आणि किती ते लिहीन.

आमच्या वर्गात चौथीपासून सातवीपर्यंतची मुलं आहेत. निम्म्यांच्या घरी हातोडीही नाही. पहिल्या दिवशी रंध्यातून निघालेली सालपटं त्यांनी खिशात भरून घरी नेली. शिवण खरंच हाताचं ऐकते. नंदीची मान वळवायला मी त्यांना शिकवलं. मला ते वडिलांनी शिकवलं होतं. ऋतिकदादाचा शिसवीचा नंदी तुम्ही लिहिलात, तो त्यांनीच केला होता, तुमच्या आरामशीनवर, दुपारच्या सुटीत. शिंगांची टोपणं एका फुटक्या समईची आहेत. माळ्यावरून काढून बघाल तर पोटाखाली नाव कोरलेलं सापडेल.

ते नाव तुमच्या दोन पत्रांत मी शोधलं. तुझा बाप आहे, कामगार आहे, तो आहे, नाव एकदाही नाही. त्यांचं नाव नत्थू. वर्गावर पाटी लावली आहे, "नत्थू कुमरे सुतारवर्ग". खाली लहान अक्षरांत "लाकूड : किसनराव, जाम". तुम्ही अट सोडली होती, पण ज्याचं घेतलं त्याचं नाव लिहिलं पाहिजे असं सातवीच्या मुलांचं म्हणणं पडलं. त्यांनीच कोरली. दोन्ही नावं नीट वाचता येतात.

आता त्या लाकडाचं.

तुमचं दुसरं पत्र मी आईला वाचून दाखवलं. सगळं, फाटकाचंही. ती डाळीतले खडे काढत होती, काढत राहिली. "ठेव ते," एवढंच म्हणाली. मामा, मला वाईट वाटलं. तुम्हाला दिवाळीपर्यंतचे दिवस आहेत हे वाचून मी रडले, आणि रडले म्हणून स्वतःचा रागही आला. आमच्या परसात निंब आहे, गेल्या वर्षी तोडलेली त्याची एक फांदी वळचणीला वाळत होती. तुमच्या मालातलं नको, आमच्या घरचंच असावं, म्हणून मी तिचा सरळ हातभर तुकडा कापला. सरणाचं लाकूड कोणी रंधत नाही. मी रंधलं. आणि आईला न विचारता दारामागे उभं करून ठेवलं. आई रोज त्याच्या भोवतीने झाडायची. तिने ते फेकलं नाही. तेव्हा मला वाटलं होतं की तुम्हाला ते मिळेल.

चाकं आम्ही सगळ्यात शेवटी केली. तोपर्यंत वरच्या फळ्या संपल्या होत्या. तळाच्या नऊ फळ्या ओल्या निघाल्या, मामा. वरून हात लावून कळत नव्हतं. तुम्ही स्वतः उभे राहून भरून घेतलं होतंत. मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही. कदाचित हाताच्या सवयीने झालं असेल. पोळ्याच्या चार दिवस आधी चाकं चिरायला लागली. शाळेत सापडेल तो कोरडा तुकडा कापून मी एकतीस मुलांची चाकं बदलली. दाराचा अडणाही कापला.

काजल राहिली. चौथीत आहे, वर्गात सगळ्यात लहान. तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दुपारी ती नंदी काखेत घेऊन आमच्या घरी आली. चारही चाकं मधोमध फुटलेली. ती रडली नाही, पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, माह्या बैलाले पाय नाई."

आईने तिच्याकडे बघितलं. मग दारामागून ते लाकूड काढून माझ्यापुढे ठेवलं. "काप."

मी म्हटलं, "आई, हे मामासाठी आहे."

"कोणासाठी आहे ते माईत आहे मले. पोरगी उभी राहून राह्यली. काप तू."

मी कापलं. त्याची चार चाकं झाली. मधे गाठ होती, उरलेला तुकडा कशाच्याच कामाचा नव्हता. आईने तो परसातल्या चुलीत घातला आणि त्यावर काजलला चहा करून दिला.

दुसऱ्या दिवशी काजलचा नंदी गल्लीभर फिरला. नंबर आला नाही, पण चाकं शेवटपर्यंत टिकली. रुख्माबाईने त्याला ओवाळलं.

परत आल्यावर मी आईला विचारलं, निंबाची फांदी अजून आहे, दुसरं लाकूड कापून ठेवू का? ती म्हणाली, "एक घर, एक लाकूड. आपलं गेलं." मी पुन्हा विचारलं नाही. तुमच्यासाठी भांडावंसं वाटलं असतं तर भांडले असते. वाटलं नाही. तेव्हा आमच्याकडून लाकूड येणार नाही. तुम्ही वाट बघू नये म्हणून आजच कळवते.

उरलेल्या ओल्या फळ्या सावलीत रचून ठेवल्या आहेत. दिवाळीनंतर कामाला येतील, मुलं त्यांचे बाक करतील.

एक राहिलं. त्या दिवशी फाटकापाशी तुम्ही मला विचारलं होतं, तुमच्यात पुरतात ना. मी उत्तर न देता गेले असं तुम्ही लिहिलं आहे. उद्धटपणा नव्हता तो. मला खरंच माहीत नव्हतं. बाबांच्या घरात आजोबांपासून जाळत आले होते, त्याआधीचं मला कोणी सांगितलेलं नव्हतं. घरी जाऊन आजीला, बाबांच्या आईला, विचारलं. आजी तेव्हा बाबांच्या पायाशी बसली होती. तिने सांगितलं, आणि मग तिला रडू आवरलं नाही. उत्तर तेव्हापासून माझ्याजवळ आहे, द्यायचं राहून गेलं होतं.

हो मामा, पुरतात. घरचं लाकूड मिळालं नाही तर पुरतात. ऋतिकदादाला सांगून ठेवा.

गुंजन नत्थू कुमरे